अन्न सोडून पळणारे तुझे किडे

जयू, काल मला शिंगाळा माशाचा काटा लागला.

डाव्या तळव्यावर, अंगठ्याच्या मुळाशी. आत काही राहिलेलं नाही असं डॉक्टर म्हणाले, पण जागा सुजली आहे, लाल झाली आहे आणि त्या लालीभोवती त्यांनी निळ्या पेनाने रेघ ओढून दिली आहे. "लाली ह्या रेघेच्या आत राहिली तर गोळ्या चालू ठेवा. बाहेर सरकली तर विचार करत बसू नका, तडक या. तुम्हालाही साखर आहे," असं त्यांनी बजावलं. "तुम्हालाही" म्हणताना ते जरा अडखळले. त्यांच्या डोळ्यांपुढे तूच आली असशील. तेव्हापासून मी ती रेघ बघते आहे. चहा गाळताना, केर काढताना, कुणी दाराशी येऊन बोललं तरी माझी नजर हातावरच.

उजवा हात मोकळा आहे म्हणून लिहायला बसले. तुझ्या कॉलेजातून निरोप आला होता, तुझ्या आठवणींचा छोटा अंक काढतायत, घरच्यांपैकी कुणीतरी लिहावं. तुझ्या दादाने कोरे कागद माझ्यापुढे सरकवले आणि तो अंगणात जाऊन जाळं विणत बसला. तुझ्या पदव्या, तुझी नोकरी, तू कुठे कुठे जाऊन काय वाचून आलीस, हे तुझ्या बरोबरच्या लोकांना माझ्याहून बरं ठाऊक आहे. मी तुझी वहिनी. तुला जाऊन महिनासुद्धा झाला नाही, आणि आज तुझं जे जे आठवतंय ते भीतीतून आठवतंय. त्याला माझा इलाज नाही.

कालचंच सांगते. संध्याकाळी बंदरावर लिलाव चालू होता. बैलगाड्या पाण्यातून मासळी घेऊन वर येत होत्या, नेहमीचा आरडाओरडा होता. तू गेल्यापासून मी पहिल्यांदाच लिलावाला गेले होते. इतके दिवस माझ्याने मासळीत हात घालवत नव्हता. घरात खाणारी तोंडं आहेत, सुकवायची मासळी आणायला हवी, हे सगळं कळत होतं, पण पाटीपुढे बसलं की बोटं आखडायची. काल मनाचा हिय्या केला. बांगडा निवडत होते, त्यात खाली एक शिंगाळा दबलेला होता. काटा घुसला तेव्हा दुखलंसुद्धा नाही आधी. फक्त कळलं, की लागला.

आणि जयू, माझे पाय आपसूक समुद्राकडे चालायला लागले.

खरं सांगते, मी काही ठरवलं नव्हतं. शेजारच्या पाटीवरची कुसुम मागून ओरडली, "अगो, जा, खाऱ्या पाण्यात हात धू. काय नाय होत!" ती ओरडली नसती तरी मी जातच होते. गुडघाभर पाण्यात गेले, वाकले, हात बुडवणार तेवढ्यात तुझा चेहरा डोळ्यांपुढे आला. तसाच हात वर धरून मी उलटी धावत सुटले. लुगडं भिजलेलं, हात डोक्याच्या वर, आणि तोंडाने "साबण, साबण" एवढंच. बायका हसल्या. हसू देत. चहाच्या टपरीवर जाऊन गोड्या पाण्याने आणि साबणाने हात धुतला आणि तिथूनच रिक्षा करून दवाखान्यात गेले.

तूसुद्धा अगदी त्याच जागी उभी होतीस. तू कॉलेजातून यायचीस, एसटीतून उतरून थेट बंदरावर, बर्फ घ्यायला आणि मला सोबत करायला. त्या दिवशी माझी पाटी उचलायला हात लावलास आणि काटा लागला. तू "हट्" म्हणालीस, बोट दाबून रक्त काढलंस, आणि पाण्यात उतरून हात खळखळून धुतलास. मी शेजारीच होते. आपल्या दोघींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. ह्या घरात आल्यापासून मी तेच बघत आले. कापलं, खरचटलं, काटा लागला, की सासूबाई म्हणायच्या, "खारा पाणी लागला की सगळी घाण जाते." मिठात घातलेली मासळी वर्षभर टिकते, मग मीठ जखमेलाही चांगलंच, असा आपला हिशोब. तू जंतूंची मास्तरीण. तुझ्याकडे खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या जंतूंवरची पुस्तकं होती, तीही तू वाचलेली. पण हात पुस्तक विचारून पाण्यात जात नाही, तो लहानपणी शिकलेलंच करतो. मी तुला बोल लावत नाही. कुणालाच लावत नाही. मी फक्त घाबरले आहे.

ज्या पाण्यावर आपलं पोट, त्यातच तुला नेणारा तो जंतू होता. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्याला मीठच लागतं, मीठ नसेल तर तो जगत नाही.

तुझे किडे मला पहिल्यांदा दाखवलेस तेव्हा मी नाक मुरडलं होतं. मागच्या खोलीत, जिथे आपण सुकटाच्या गोणी ठेवायचो, तिथे तू टेबल मांडलंस, त्यावर कॉलेजातून आणलेला सूक्ष्मदर्शक. काचेच्या चपट्या बश्यांत खरवसासारखं काहीतरी थापलेलं. ते समुद्रातल्या शेवाळापासून करतात असं तू सांगितलंस तेव्हा मला जरा बरं वाटलं, म्हटलं चला, आपल्याकडचंच आहे. त्यावर जंतूंचा एक ठिपका, तो किड्यांचा भात. आणि त्या ठिपक्यावर वळवळणारे पारदर्शक दोरे, साध्या डोळ्यांना दिसतील न दिसतील एवढे. "सूत्रकृमी" म्हणायचीस तू. मी आपली किडेच म्हणायचे, आणि तू चिडायची नाहीस.

"वहिनी, ह्यांना डोळे नाहीत," तू म्हणालीस. "सगळा नाकावर चालतो कारभार."

मग तू मला ते बशीतलं नाटक दाखवलंस. एका बाजूला रोजचा भात, दुसऱ्या बाजूला रोग आणणारा जंतू. मला वाटलं होतं, किडे लगेच चांगल्या बाजूला जातील. पण ते वाईटाकडेच गेले. त्याचा वास त्यांना जास्त गोड लागतो, म्हणालीस. खातात, आजारी पडतात, आणि मग एक एक करून त्या ठिपक्यावरून बाहेर पडायला लागतात. दुसऱ्या दिवशी तू मला हाक मारलीस. सगळे बशीच्या कडेला जमले होते. ते अन्न जागच्या जागी तसंच होतं. तू म्हणालीस, "आता हे पुन्हा त्या वासाकडे जायचे नाहीत. निदान काही वेळ तरी. शिकले."

"घाबरले," मी म्हटलं.

"नाय गो. ओळखलं त्यांनी, आणि बाजूला झाले. भीती वाटायला आत कोणीतरी असावा लागतो."

"भरलेला ताट टाकून कोण उगाच उठतो? मी सांगते तुला, घाबरले ते."

हा आपला वाद किती वर्षं चालला! जेवताना, मासळी वाळत घालताना, एकदा तर लग्नाच्या पंगतीत. तू म्हणायचीस, मी माझीच भीती त्यांच्यात बघते. मी म्हणायचे, तू तुझं धाडस बघतेस. आपण दोघी खऱ्याच होतो की काय कुणास ठाऊक.

मी भित्री, हे तर घरादाराला माहीत. मी अंजनवेलची, खाडीच्या कडेला वाढलेली. लग्न होऊन इथे आले तेव्हा ह्या उघड्या समुद्राकडची खिडकी मी लावूनच ठेवायचे. तू तेव्हा शाळेत होतीस, दोन वेण्यांची. लग्नाला थोडेच दिवस झाले असतील, तुझ्या दादाची होडी दुपारी यायची ती संध्याकाळ झाली तरी आली नाही. वारा सुटला होता. सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला आणि मला दम भरला, होडी बाहेर असताना घरात भीतीचं नाव काढायचं नाही. मी तोंडात पदर कोंबून चुलीपाशी बसले. तू जवळ आलीस, माझ्या कानाशी म्हणालीस, "वहिनी, मी बघून येते गो," आणि त्या वाऱ्यात बंदराकडे पळालीस. मला तुझीही काळजी लागली. मग तूच ओरडत आलीस, "इंजिन बंद पडलं होतं, आला दादा, आला!" त्या दिवसापासून मी तुला माझं माणूस मानलं. नणंद-भावजयीचं आपलं कधी वाकडं आलंच नाही. मला भीती वाटली की तू बघून यायचीस, आणि मला मग श्वास घेता यायचा.

पण तो बर्फाचा किस्सा लिहायलाच हवा, नाहीतर तू मला माफ करायची नाहीस. इथल्या उकाड्यात तुझे किडे टिकेनात. उष्णता वाढली की त्यांना पिल्लं होईनात. कॉलेजातलं थंड कपाट सारखं बिघडायचं, म्हणून तू आपली मासळीची थर्माकोलची पेटी घेतलीस, तळाला बर्फ, वर लाकडी फळी आणि फळीवर बश्या. तू दोन दिवस कुठेशी परीक्षा घ्यायला गेलीस आणि बर्फ बदलायचं काम माझ्याकडे आलं. मी बदलला, पण फळी ठेवायला विसरले, बश्या सरळ बर्फावर मांडल्या, पापलेट मांडावं तशा. बर्फ वितळला, मासळीचं पाणी बश्यांत शिरलं. तू आलीस, झाकण उघडलंस आणि आधी कपाळाला हात लावलास. मग एक बशी सूक्ष्मदर्शकाखाली धरलीस आणि जी बसलीस ती उठेचना. दोनच बश्यांत असं झालं होतं, की एकही किडा अन्नावर नव्हता. काही तर काचेवर चढून सुकून मेले होते. मरण पत्करलं पण त्या पाण्यातलं जे काही होतं त्याच्याजवळ राहिले नाहीत.

तू आनंदाने नाचायची बाकी होतीस. आणि मी? मी चुलीवरचं कालवण पातेल्यासकट मागे नेऊन ओतलं. त्याच बर्फातली मासळी होती ना ती! तुझा दादा बाहेरून आला, रिकामी चूल बघितलीन. "काय झाला?" म्हणाला. तू हसून हसून भिंतीला टेकलीस. "वहिनीने किड्यांचा सल्ला ऐकलान!" म्हणालीस. किड्याला जे बाधतं ते माणसाला बाधतंच असं नाही, हे तू मला नंतर नीट समजावलंस. तरी आठ दिवस मी मासळी करायला धजावले नाही. तू मला चिडवायचीस, ह्या घरात किड्यांची खरी नातेवाईक मीच. आज ते आठवून हसू आलं, आणि हसता हसता हाताकडे लक्ष गेलं. लाली रेघेच्या आत आहे. अजून आहे.

मला दोन गोष्टींची मात्र कधीच गंमत वाटली नाही. एक तू सांगितलीस ती त्या बुरशीसारख्या जिवाची, जो किड्याच्या कातडीला चिकटतो आणि आत घुसतो. तो अजून शिवलाही नसेल, नुसती त्याची चाहूल नाकाला लागली, तरी किडा कातडी मजबूत करायला घेतो. माझंही तसंच होतं ग. फोन वाजला की अंग आधीच ताठ होतं, मग कळतं, की चुकून लागलेला फोन होता.

दुसरी त्याहून वाईट. उन्हाळ्यात तू काजूच्या बागेत जाऊन झाडाखाली सडलेले बोंडू गोळा करून आणायचीस. त्यात रानातले किडे मिळायचे. त्यातल्या काहींच्या आतड्यात तुला एक परजीवी सापडला, पेशीच्या आत दडून राहणारा. तू त्याचे ठिपके मला दाखवलेस, तांदळाच्या कणीसारखे. आणि म्हणालीस, हा किड्यांना बाहेरून ओळखता येतो असं काही दिसत नाही. ते बिनधास्त खातात, आणि तो अन्नाबरोबर पोटात जातो.

"मग त्यांना कळतं कधी?" मी विचारलं.

"आत गेल्यावर. नाकाला नाय कळत, पेशींना कळतं. मग आत धावपळ सुरू होते."

"आणि वाचतात?"

"काही वाचतात. आणि एक गंमत सांगू? आजारी आयांची पिल्लं जन्मतःच जरा तयारीची असतात."

तू हे कौतुकाने सांगत होतीस, तुझे डोळे चमकत होते. मला त्या रात्री झोप लागली नाही. वास असलेल्या शत्रूला मी घाबरू शकते. वारा फिरला की कळतं, पाण्याचा रंग बदलला की कळतं. ज्याला वास नाही, रंग नाही, जो रोजच्या घासातून येतो, त्याच्यापुढे माझी इतक्या वर्षांची भीती काय कामाची? तुला मी हे कधी बोलले नाही. तू हसली असतीस असं नाही. तू मला समजावलं असतंस, आणि मला त्या वेळी समजून घ्यायचं नव्हतं.

तुला काटा लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझा हात सुजला. मी म्हटलं, दवाखान्यात जाऊ. तू म्हणालीस, मुलांची प्रात्यक्षिकं आहेत, उद्या बघू. संध्याकाळी अंग तापलं, हातावर जांभळे फोड आले. तरी तू खुर्चीत बसून हात दिव्याखाली धरून बघत होतीस, जसे किडे बघायचीस तसा. "वेगाने वाढतोय गो," म्हणालीस. तुझ्या आवाजात तेच कुतूहल होतं. त्याने मला जेवढं घाबरवलं तेवढं त्या फोडांनीसुद्धा नाही. तुझ्या दादाने मग काही ऐकलं नाही, तुला उचलूनच गाडीत घातलंन.

पुढचं सगळं मला सलग आठवत नाही. दापोली, मग अँब्युलन्स, मग मुंबई. अँब्युलन्समध्ये मी तुझा चांगला हात धरून बसले होते. महाड मागे पडल्यावर तू डोळे उघडलेस. मी विचारलं, "भीती वाटते काय गो?" तू मान हलवलीस, नाही म्हणून. पण तुझी नखं माझ्या तळव्यात रुतत होती, इतकी, की दुसऱ्या दिवशीपर्यंत खुणा होत्या. मी म्हटलं, "काय नाय होत, पोचलोच आपण." मीही खोटं बोलले, तूही. आयुष्यभर एकमेकींशी इतकं भांडून, नेमकं तिथे आपण दोघी गप्प राहिलो. मला तुला सांगायचं होतं, जयू, मला इतकी भीती वाटते आहे की माझे दात वाजतायत. आणि तुला वाटत असेल तर तूही सांग, लाज कसली. त्याने तू वाचली नसतीस. पण एकटी राहिली नसतीस.

तुझ्या बश्या कॉलेजातली मुलं घेऊन गेली. त्या नेताना एक मुलगी माझ्यापाशी थांबली, म्हणाली, बाई आम्हाला नेहमी सांगायच्या, उपाशी किडे शेवटी त्याच अन्नाकडे परत येतात, कडेने नाक लावून बघतात, मागे होतात, पुन्हा येतात. मी मान डोलावली. मी तेच तर करत होते पाटीपुढे, इतके दिवस. आपल्याला दुसरं पान वाढलेलं नाही. उद्या हा हात बरा झाला तर मी जाड हातमोजे घालून पुन्हा मासळीतच बसणार आहे, आणि कुसुमलाही घालायला लावणार आहे. आणि काटा लागला की समुद्राकडे धावणाऱ्या प्रत्येक बाईला मी दंडाला धरून मागे ओढणार आहे. हसल्या तर हसल्या.

उद्या बरा झाला तर.

उन्हं कलली. मगाशी कागद उलटताना हाताकडे बघितलं आणि मनगटाच्या बाजूला रेघेला लागून काहीतरी गुलाबी वाटलं. खिडकीपाशी जाऊन बघितलं. चष्मा लावून बघितलं. पेनाची शाई घामाने पसरली असेल. मी कपड्याने घासलं म्हणून लाल झालं असेल. बोट लावलं तर गरम लागतंय, पण माझा सगळा हातच गरम आहे. लाली बाहेर आली आहे की नाही, जयू, मला ठरवता येत नाही.

मी ठरवत बसणार नाही. तू असतीस तर अजून थोडा वेळ बघितलं असतंस, सकाळपर्यंत थांबून खात्री केली असतीस. हे तुझं मला किती आवडायचं. पण आज मी तुझं ऐकणार नाही.

मी तुझ्या दादाला हाक मारली. तो जाळं टाकून धावत आला. माझा हात हातात घेतलान आणि रेघ निरखून बघितलीन. मी त्याला म्हटलं, "मला लय भीती वाटतेय. गाडी काढा." तो म्हणाला, "मलापण."

तो गाडी काढतोय. मी उठते. मला जगायचं आहे, जयू.